मदत हवी आहे : शाळेत जखमी झालेल्या शिक्षिकेची नुकसानभरपाई

माझी पत्नी पुणे जिल्ह्यातील एका खासगी विनाअनुदानित शाळेत कायम शिक्षिका आहे. गेल्या जुलैमध्ये मुख्याध्यापकांच्या सांगण्यावरून सभागृह सजवताना ती शिडीवरून पडली आणि तिला कायमचे अंशतः अपंगत्व आले. पगार २१,००० रुपयांहून अधिक असल्याने ईएसआयसीचे (कर्मचारी राज्य विमा महामंडळाचे) संरक्षण नाही. लेखी अर्जाला उत्तर देताना संस्थेने गोव्यातील शिक्षिकेच्या खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाचा १९८८ चा निकाल पुढे करून ‘शिक्षक कामगार नव्हेत’ एवढेच कळवले. तो निकाल औद्योगिक विवाद कायद्याखालचा आहे, नुकसानभरपाईच्या कायद्याखालचा नव्हे, हे मात्र सोयीस्करपणे वगळले. अपंगत्वाचा दाखला, उपचारांची बिले आणि हजेरीपटाची प्रत आमच्याकडे आहे. १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत (‘कर्मचारी’ कोणाला म्हणायचे याच्या यादीत) शिक्षकांचा स्वतंत्र उल्लेख मला सापडला नाही. अशा स्थितीत या कायद्याखालील नुकसानभरपाई आयुक्तांपुढे दावा टिकतो का, की निष्काळजीपणाबद्दल दिवाणी न्यायालयातच जावे लागेल?