आज्जीची ओवी ट्रॅकात बसंना, काय करू?

रंकाळा_बेस
चुलतभावाच्या लग्नात हळद दळताना आज्जीच्या ओव्या मोबाईलवर घेतल्यात. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या खोलीत बसून एबलटनवर (गाणी करायचं सॉफ्टवेअर) हाऊस, म्हंजे नाचायचं इलेक्ट्रॉनिक गाणं करायलोय, 124 बीपीएम, म्हंजे मिनिटाला 124 ठोके. ओवी वॉर्प करून, म्हंजे ठोक्यात बसंल तशी ताणून-आकसून बसवली की आज्जी शेवटची एसटी गाठायला पळतीय असं वाटतंय. जात्याची घरघर काढायला स्टेम, म्हंजे एकेक आवाज, वेगळं करणारं सॉफ्टवेअर लावलं, तर आवाज हौदातनं आल्यागत. पिच करेक्शन (सूर सरळ करणारं) लावलं तर मींडच, म्हंजे सुरातनं सुरात घसरायचंच गेलं. मधी कुकरची शिट्टीबी हाय, ती असू दे.

दुसरं म्हंजे, ड्रॉपच्या (सगळा ठेका एकदम सुरू हुतो त्याच्या) आधी जुन्या तबकडीवरच्या लावणीच्या दोन ओळी घ्यायच्यात. लई जुनी हाय, चालतंय न्हवं?

गंगावेस_गडी
अल्लादिया खाँसाहेब ज्या शाहू महाराजांच्या दरबारी गायले, त्यांच्या गावात बसून मींड कापतोस व्हय रं?

उलटं करायलायस भावा. जातं हाच आज्जीचा मेट्रोनोम. दहा फेऱ्यांना किती सेकंद लागतात ते मोज आणि सांग. घरघर काढू नको, शंभर-दीडशे हर्ट्झच्या खालचं तेवढं काप, तिथं तुझी किक (ढोलाचा ठोका) आणि बेस राहू दे. वरची घरघर शेकरचं, खुळखुळ्याचं काम करती, फुकटात.

सुराचं बी तसंच. ट्यूनर लावून बघ, पट्टी मधीच कुठंतरी निघंल. आज्जीला 440 चं (वाद्यांच्या ठरलेल्या सुराचं) काय पडलंय? सिंथच (इलेक्ट्रॉनिक पेटीच) सरकव.

रंकाळा_बेस
मोजलं. दहा फेऱ्यांना 12 सेकंद. आणि पट्टी पेटीवरच्या सफेद पाच आणि काळी चारच्या मधोमध.

गंगावेस_गडी
म्हंजे मिनिटाला 50 फेरे. ट्रॅक 100 ला लाव, एका फेऱ्याला दोन बीट. वॉर्प मार्कर (ठोक्याला बांधायची खूण) फक्त ओळीच्या तोंडाला मार, मधलं मागंपुढं हुईल ते होऊ दे. सिंथ 50 सेंट, म्हंजे अर्धी पट्टी वर.

कायदा_आणि_कॅसेट
लावणीचं बघून घ्या. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे रेकॉर्डिंगवरचा हक्क प्रसिद्धीनंतर 60 वर्षं राहतो. पण शब्द आणि चाल यांचा हिशेब वेगळा, रचणाऱ्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं. त्यामुळे तबकडी मोकळी झाली तरी गाणं मोकळं नसू शकतं. "चार सेकंद घेतले तर चालतंय" असा नियम कायद्यात कुठंही नाही. एखाद्या लावणी गाणाऱ्या बाईंना पैसे देऊन नवीन ओळी गाऊन घ्या, आणि तसं कागदावर लिहून घ्या.

ओव्या परंपरेच्या आहेत, पण गाणाऱ्या तुमच्या आजी आहेत. गाणाऱ्याचाही हक्क असतो, 50 वर्षांचा. त्यांना विचारलंत का?

रंकाळा_बेस
खरं सांगू? न्हवतं विचारलं. लावणी काढून टाकली. काल पन्हाळ्याकडं गावी गेलतो, आज्जीच्या कानाला हेडफोन लावला. पदर सरकवून ऐकत बसली. किकला काय बोलली न्हाई, शिट्टीला हसली. मग म्हणाली, "माझं 'गं' कुठं गेलं?"

ओळीच्या शेवटाला ती 'गं' लांबवती, पार श्वास संपंपर्यंत. चार बारमध्ये (एक बार म्हंजे चार ठोके) बसंना म्हणून मी कापलावता. आता परत लावलाय. तेवढी ओळ पाच बारची झालीय, ड्रॉप एक बार उशिरा पडतोय.