उपासना वर्ष लहानथोरांनी एकत्र कसे पाळावे?

शब्बाथ शाळेची शिक्षिका, अहिल्यानगर जिल्हा

प्रभू येशूच्या नावात सर्वांना सलाम. आमची मंडळी साठेक कुटुंबांची असून सी.एन.आय.मध्ये (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मोडते. गेल्या वर्षी आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळपूर्वीच्या चार आठवड्यांच्या, पहिल्या रविवारी वेदीवरचे हिरवे कापड जाऊन जांभळे आलेले पाहून माझ्या वर्गातील सात वर्षांच्या एका मुलीने त्याचे कारण विचारले, तेव्हा शेजारी उभे असलेले, अनेक वर्षे मंडळीच्या कमिटीवर असलेले एक गृहस्थ सहज म्हणाले, "हिरवं धुवायला टाकलं असेल." मला हसू आले आणि पाठोपाठ लाजही वाटली, कारण जांभळा रंग पश्चात्तापाचा आणि वाट पाहण्याचा, एवढे पुस्तकी उत्तर सोडले तर त्या मुलीला पटेल असे काही मलाही सांगता आले नाही.

आमच्याकडे उपासना चालू असतानाच मुले मागच्या खोलीत शब्बाथ शाळेला बसतात, तरुण संघ संध्याकाळी जमतो आणि महिला मंडळ गुरुवारी. त्यामुळे नाताळ आणि ईस्टर वगळता आजी, आई आणि नात यांनी एका बाकावर बसून वचन ऐकले, असे वर्षभरात क्वचितच घडते. यंदा २९ नोव्हेंबर २०२६ रोजी आगमनकाळाबरोबर नवे उपासना वर्ष, म्हणजे मंडळीचे सणांचे आणि काळांचे वर्ष, सुरू होईल. नाटुकली आणि वेशभूषा आम्ही पुष्कळ केल्या आहेत, त्या नकोत. सर्व वयांच्या माणसांना एकत्र करता येईल आणि वर्षभर टिकेल असे काय करावे, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.

धर्मशिक्षण वर्गाचा शिक्षक, वसई

ताई, आम्ही कॅथलिक, त्यामुळे आमच्या काही रीती आपल्याला चालतील, काही चालणार नाहीत. मला सर्वांत उपयोगी वाटते ती झावळ्यांची गोष्ट. ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी घरी नेलेली झावळी आमच्याकडे वर्षभर क्रुसामागे खोचलेली असते आणि पुढच्या वर्षी राखेच्या बुधवारच्या, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवसाच्या, आधी त्याच वाळक्या झावळ्या गोळा करून जाळतात. कपाळावर लावली जाते ती त्यांचीच राख. ज्या मुलाने झावळी हातात धरून "होसान्ना" म्हटले, त्यालाच ती आपल्या हाताने शेगडीत टाकू द्यावी. जांभळ्या रंगाचा अर्थ त्याला मग वेगळा समजावून द्यावा लागत नाही. राख चाळण्याचे काम आजोबांकडे ठेवावे, कारण ती मैद्यासारखी बारीक नसेल तर कपाळाला टोचते आणि या कामाला लागणारा धीर मुलांकडे नसतो.

आणखी एक. येत्या आगमनकाळापासून आमच्या वाचनक्रमात मार्कचे वर्ष, म्हणजे मुख्यतः मार्कच्या शुभवर्तमानातून वाचण्याचे वर्ष, लागते. मार्कच्या शुभवर्तमानात गोठा नाही, मेंढपाळ नाहीत, मागी (पूर्वेकडचे ज्ञानी लोक) नाहीत; ते थेट रानातल्या योहानापासून सुरू होते. मुले चकित होतात. ते सोळाच अध्यायांचे असल्यामुळे दीड-दोन तासांत मोठ्याने वाचून होते. आम्ही एकदा ते एका संध्याकाळी सलग वाचले, दर अध्यायाला वाचणारा बदलून. सर्वांत चांगले कोणी वाचले असेल तर ते मासळी विकणाऱ्या एका बाईंनी.

निवृत्त पाळक, पुणे

आपल्या मंडळीतील त्या गृहस्थांना हसू नये. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सी.एन.आय. स्थापन झाली, तोही आगमनकाळाचा पहिलाच रविवार होता. परंतु त्या दिवशी एकत्र आलेल्या सहा चर्च-परंपरांपैकी सर्वांना हे रंग आणि काळ घरचे नव्हते. नगरकडची जुनी कुटुंबे अमेरिकन मराठी मिशनच्या वळणाची, आणि त्या वळणात लेंटला (ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाला) फारसे स्थान नव्हते. त्यामुळे कापड बदलले तरी त्यामागची सवय सगळ्या घरांत पोहोचली नाही.

माझे मत असे की आपण सारा जोर आगमनकाळावर आणि लेंटवर देतो आणि त्रैक्य रविवारनंतरचे (ईस्टरनंतर आठ आठवड्यांनी येणाऱ्या रविवारनंतरचे) जवळजवळ सहा महिने मोकळे सोडतो. आपल्याकडे हा हिरवा काळ जूनपासून नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे नेमका पेरणीपासून सुगीपर्यंत येतो. युरोपात उन्हाळ्याच्या सुट्टीत येणारा हा काळ आपल्या शेतकरी मंडळीला मात्र जणू मापून शिवल्यासारखा बसतो, आणि तरीही त्याचा उपयोग आपण करत नाही. माझ्या एका खेड्यातल्या मंडळीत पेरणीपूर्वीच्या रविवारी प्रत्येक घराने मूठभर बियाणे वेदीपुढे आणावे असे ठरवले. बाजरी, मूग, तूर, एकाने तर कांद्याचे बी कागदाच्या पुडीत आणले. प्रार्थनेनंतर तेच बी परत नेऊन पेरायचे आणि हंगामाच्या सणाला त्याचेच कणीस आणायचे. सणाला आणलेल्या वस्तूंच्या लिलावात त्या वर्षी एका लहान मुलाच्या भोपळ्याची बोली चढत गेली ती भोपळ्यासाठी नव्हे. जूनमध्ये त्याने आणलेली बी सर्वांनी पाहिली होती. पेरणाऱ्याचा दाखला मी त्या वर्षी वेगळा समजावला नाही.

आजींसाठी काही "कार्यक्रम" आखू नका. त्यांना ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची आणि इतर जुनी गीते 'उपासना संगीत' हे गीतांचे पुस्तक न उघडता पाठ असतात. दर महिन्याला एक गीत मुलांनी आजीकडून, तिच्याच चालीत, शिकून यावे. पेटीवाल्याची चाल निराळी निघेल आणि त्यावरून थोडे भांडण होईल. ते होऊ द्यावे.

एक आई, पिंपरी

पाळकसाहेबांचे म्हणणे आदराने मान्य करूनही एक गोष्ट सांगते. "मुलांना उपासनेत बसवा" असे ठरवून आमच्या मंडळीने शब्बाथ शाळेची वेळ बदलली, पण उपदेश पाऊण तासाचाच राहिला. माझा पाच वर्षांचा मुलगा तिसऱ्या रविवारी बाकाखाली झोपला आणि मागच्या बाकावरच्या बाईंनी मला चार शब्द सुनावले. मुलांना आत घ्यायचे असेल तर आधी उपदेश वीस मिनिटांवर आणावा, आणि मोठ्यांनी कुजबुज सहन करण्याची तयारी ठेवावी.

शब्बाथ शाळेची शिक्षिका, अहिल्यानगर जिल्हा

सर्वांचे मनापासून आभार. काल कमिटीपुढे विषय मांडला. उपदेश वीस मिनिटांवर आणण्याची सूचना आमच्या पाळकसाहेबांनी हसून टोलवली, परंतु महिन्यातून एका रविवारी मुले आत बसतील आणि वचन त्यांच्यापैकी एक जण वाचेल, एवढे मान्य झाले. आगमनकाळाच्या आदल्या शनिवारी वेदीवरचे कापड बदलण्याचे काम आता त्या मुलीकडे आणि त्या गृहस्थांकडे मिळून दिले आहे. हिरवे कापड धुवायला नेण्याची जबाबदारीही त्यांनी आपणहून घेतली.