हूलिगन म्हणजे नक्की कोण? गुंड की हुल्लडबाज?

सांजवारा:
आमच्या कॉलेजच्या गॅदरिंगला काही पोरांनी खुर्च्या फेकल्या, माईकची वायर तोडली. दुसऱ्या दिवशी बोर्डावर इंग्लिशमध्ये नोटीस लागली त्यात त्यांना चक्क हूलिगन्स म्हटलंय. एकाचे वडील ऑफिसात येऊन भांडले की माझा मुलगा काय गुंड आहे का. मग हूलिगन आणि रावडी यात फरक काय, कुठला कधी वापरायचा? कोणी नीट सांगेल का

अक्षरवेडा:
गुंड म्हटलं की आपल्याला हप्ता, खंडणी आठवते. हूलिगनला पैसे नको असतात, तो टोळक्यात असतो आणि तोडफोड, मारामारी करतो. हुल्लडबाज त्यातल्या त्यात जवळचा, पण हुल्लडबाजीत नुसता आरडाओरडाही येतो, हूलिगन तेवढ्यावर थांबत नाही. १८९८ च्या उन्हाळ्यात लंडनच्या पेपरांत पोलीस कोर्टाच्या बातम्यांतून हा शब्द पसरला, रस्त्यावर दंगा करणाऱ्या पोरांसाठी. रावडी हे विशेषण, रावडी क्लास म्हणजे कल्ला करणारा वर्ग. मात्र कर्नाटक, तेलंगणात पोलीस सराईत गुन्हेगाराच्या नावाने रावडी शीट उघडतात, तेव्हा बंगळुरात कुणाला सहज रावडी म्हणू नका.

रातकिडा:
रशियात तर हे कायद्याचं कलमच आहे. २०१२ ला मॉस्कोच्या कॅथेड्रलमध्ये पुतिनविरोधी गाणं म्हटलं म्हणून पंक ग्रुपच्या तीन मुलींना हूलिगनिझमखालीच दोन वर्षांची शिक्षा सुनावली होती.

कॉर्नरकिक:
फुटबॉलवाल्यांना हा शब्द फार लागतो हो. १९८५ ला ब्रसेल्सच्या हेझेल स्टेडियममध्ये लिव्हरपूलचे प्रेक्षक युव्हेंटसच्या लोकांवर धावून गेले, चेंगराचेंगरीत भिंत कोसळली, ३९ जण गेले, ती खरीच हूलिगनगिरी, त्यासाठी इंग्लिश क्लबांवर युरोपात बंदी आली ते बरोबरच झालं. पण १९८९ ला शेफील्डच्या हिल्सबरो स्टेडियममध्ये मॅचच्या वेळी काय झालं बघा, बाहेर गर्दी तुंबली म्हणून पोलिसांनीच एक्झिट गेट उघडायला लावलं, लोंढा बोगद्यातून थेट उभ्या प्रेक्षकांच्या मधल्या कप्प्यांत घुसला जे आधीच भरलेले, आणि पुढे लोखंडी जाळी, जी हूलिगन मैदानात उतरू नयेत म्हणूनच ठोकलेली. माणसं जाळीला चिरडून मरत होती आणि पोलिसांना आधी वाटलं की हे मैदानात घुसतायत. ९७ जीव गेले. वर दारुडे प्रेक्षक म्हणून सगळं त्यांच्याच माथी मारलं, २०१६ मध्ये ज्युरीने प्रेक्षकांचा दोष नव्हता असं सांगेपर्यंत घरचे लढत होते. म्हणून हा शब्द अख्ख्या घोळक्याला लावलेला मला चालत नाही.

सांजवारा:
हिल्सबरोचं माहीतच नव्हतं, वाचून सुन्न झाले. मग नोटिशीत काय लिहायला हवं होतं?

अक्षरवेडा:
जे केलं तेच. खुर्च्या फेकल्या, वायर तोडली, नुकसानभरपाई इतकी, अमुक तारखेच्या आत भरावी. आणि ज्यांनी केलं त्यांच्याच घरी पत्र पाठवायचं, बोर्डावर लावायचं नाही.