झोपण्याच्या खोलीसाठी एअर प्युरिफायर निवडताना नेमके काय पाहावे?

कवडसा

माझ्या आईला गेली बरीच वर्षे दमा आहे. आमचे घर रस्त्याला लागून असून तिची झोपण्याची खोली नेमकी वाहतुकीच्या बाजूला येते, आणि पहाटे तीन-चारच्या सुमारास खोकल्याची उबळ येऊन तिची झोपमोड होणे हे आता नित्याचेच झाले आहे. औषधे आहेत तशीच चालू ठेवून खोलीतील धूळ आणि धूर कमी करता आला तर पाहा, असे तिच्या डॉक्टरांनी सुचवले. तेव्हापासून तीन आठवडे मी एअर प्युरिफायरविषयी मिळेल ते वाचतो आहे. मात्र जितके वाचावे तितका गोंधळ वाढत चालला आहे.

दोन वर्षांपूर्वी आम्ही एक यंत्र घेतले होते. दीड वर्षाने फिल्टर बदलण्याची वेळ आली, तेव्हा ते मॉडेल बंद झाले असून त्याचे फिल्टर यापुढे मिळणार नाहीत, असे उत्पादकांनी कळवले. पंखा उत्तम चालत असूनही ते यंत्र माळ्यावर टाकावे लागले. म्हणूनच या वेळी विकत घेण्यापूर्वी सगळे नीट समजून घ्यावे, असे मनापासून वाटते.

खोली ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच आहे. प्रत्येक यंत्रावर ‘९९.९७ टक्के शुद्ध हवा’ असे लिहिलेले दिसते, कोणी सात थरांचा फिल्टर असल्याचे सांगतो, तर कोणी आयोनायझर असल्याचे. यातील कोणता दावा तपासून पाहता येतो? आणि ज्या यंत्रावर ‘४० चौरस मीटरपर्यंत’ असे छापलेले आहे, ते १२ चौरस मीटरच्या खोलीला गरजेपेक्षा मोठे होईल का?

झरोका

तुमच्या प्रश्नाचे उत्तर ‘९९.९७’ या आकड्यापासूनच सुरू करावे लागेल, कारण तो खरा असला तरी तुम्हाला हव्या असलेल्या गोष्टीविषयी तो फारसे काही सांगत नाही.

फिल्टर म्हणजे बारीक भोकांची चाळणी असे आपण धरून चालतो, पण हेपा, म्हणजे हवेतील अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या फिल्टरचे काम तसे चालत नाही. त्यात अतिशय बारीक तंतूंचे जाळे असते. मोठे कण हवेबरोबर वळू न शकल्यामुळे या तंतूंवर आदळतात. अगदी सूक्ष्म कण हवेच्या रेणूंचे धक्के खात वाकडेतिकडे भरकटतात आणि वाटेत कुठल्या ना कुठल्या तंतूला चिकटतात. निसटण्याची शक्यता सर्वाधिक असते ती मधल्या आकाराच्या, म्हणजे साधारण ०.३ मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) किंवा त्याहून थोड्या लहान कणांची. म्हणून चाचणी मुद्दाम त्याच आकारावर घेतली जाते. ०.३ मायक्रॉनच्या कणांपैकी ९९.९७ टक्के अडवणारा फिल्टर त्याहून मोठे आणि त्याहून पुष्कळ लहान कण आणखी चांगले अडवतो. युरोपीय मानकातील एच१३ या श्रेणीसाठी हीच अट सर्वांत निसटत्या आकाराला ९९.९५ टक्के अशी आहे. ‘हेपासारखा’ किंवा ‘हेपा-टाइप’ अशा शब्दांमागे मात्र कोणतेही मानक नाही, हे ध्यानात ठेवावे.

तरीही हे सारे त्या फिल्टरमधून जाणाऱ्या हवेविषयी झाले. खोलीतील किती हवा तासाभरात फिल्टरमधून जाते, हा प्रश्न वेगळाच राहतो. ताशी १५० घनमीटर हवा खेचून त्यातील जवळजवळ सर्व कण काढणाऱ्या यंत्रापेक्षा ताशी ३०० घनमीटर हवा खेचून ९० टक्के कण काढणारे यंत्र तुमची खोली अधिक लवकर स्वच्छ करील, कारण ते तासाला २७० घनमीटर शुद्ध हवेइतके काम करते. या एकत्रित क्षमतेलाच सीएडीआर म्हणतात. तो प्रत्यक्ष चाचणीकक्षात मोजला जातो आणि घनमीटर प्रति तास किंवा घनफूट प्रति मिनिट या एककात दिला जातो. १ घनफूट प्रति मिनिट म्हणजे साधारण १.७ घनमीटर प्रति तास. तुलना करताना एकके एकच आहेत ना, हे पाहावे.

तुमच्या खोलीत ३६ घनमीटर हवा मावते. दम्याच्या रुग्णासाठी तासाला निदान पाच वेळा हवा गाळली जावी असे धरले, तर १८० घनमीटर प्रति तास हा आकडा येतो. आता ते ‘४० चौरस मीटर’वाले यंत्र पाहा. समजा त्याचा सीएडीआर २१६ आहे. ४० चौरस मीटरची ३ मीटर उंच खोली म्हणजे १२० घनमीटर, म्हणजे त्या खोलीत हवा तासाला दोन वेळाही गाळली जाणार नाही. खोलीचे क्षेत्रफळ छापताना तासाला किती वेळा हवा गाळली जाईल असे धरले आहे, हे बहुधा लिहिलेले नसते. म्हणून क्षेत्रफळ बाजूला ठेवून स्वतः भागाकार करावा.

यानंतरची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. छापलेला सीएडीआर हा पंखा पूर्ण वेगात असतानाचा असतो, आणि पूर्ण वेगाचा आवाज उशाशी घेऊन कोणीही झोपू शकत नाही. रात्री अकराला आपण वेग कमी करतो आणि पहाटे तीनला, जेव्हा तुमच्या आईंना खोकला येतो, तेव्हा यंत्र छापील क्षमतेच्या अर्ध्याहूनही कमी काम करत असते. त्यामुळे १८० ची गरज असेल तर ३५० ते ४०० चे यंत्र घ्यावे आणि ते मधल्या वेगावर रात्रभर चालवावे. ‘गरजेपेक्षा मोठे’ असे यंत्र या कामात सहसा नसतेच. रात्रभर सोसवेल अशा वेगावर खोलीला पुरेल ते यंत्र विश्वासार्ह, असे मी म्हणेन.

पाऊलवाट

झरोका यांच्या हिशेबाशी मी पूर्ण सहमत आहे. मला आयोनायझर आणि कार्बन या दोन गोष्टींविषयी लिहायचे आहे.

आयोनायझर हवेतील कणांना विद्युतभार देतो, त्यामुळे ते भिंतींना, पडद्यांना आणि फरशीला चिकटतात. त्यामुळे कण हवेतून कमी होतात, पण खोलीतून बाहेर जात नाहीत. शिवाय या प्रक्रियेत काही यंत्रांमधून ओझोन तयार होतो, आणि ओझोन श्वसनमार्गाला चुरचुर आणणारा वायू असल्याने दम्याच्या रुग्णासाठी तो विशेष अपायकारक आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने घरगुती यंत्रांतून निघणाऱ्या ओझोनवर ०.०५० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ०.०५० भाग) ही मर्यादा घातली आहे. माझे मत विचाराल तर मर्यादेच्या आत बसणारा ओझोनही दम्याच्या रुग्णाच्या खोलीत कशासाठी हवा? आयोनायझर नसलेले यंत्र घ्यावे. निदान तो स्वतंत्र बटनाने कायमचा बंद ठेवता येईल, याची खात्री करावी. ‘प्लाझ्मा’ वगैरे नावांनी येणाऱ्या सुविधांनाही हाच प्रश्न विचारावा.

कार्बनचे तसे नाही. तो उपयुक्त आहे, पण पुरेसा असेल तरच. हेपा फिल्टर कण पकडतो. वास, वाहनांच्या धुरातील वायू आणि रंगातून सुटणारी रसायने त्यातून सरळ आरपार जातात. ती शोषण्यासाठी ॲक्टिव्हेटेड कार्बन लागतो आणि त्याची क्षमता त्याच्या वजनावर अवलंबून असते. मी एका यंत्राचा तथाकथित कार्बन थर काढून खिडकीसमोर धरला, तर काळ्या जाळीच्या प्रत्येक घरातून पलीकडचा उजेड दिसत होता. जाळीला काळी भुकटी लावलेली होती, इतकेच. दुसऱ्या यंत्राच्या चौकटीत मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या कप्प्यांत कार्बनच्या गोळ्या भरलेल्या होत्या आणि ती चौकट उचलताना हाताला जड लागत होती. सात थर असल्याचे सांगितले जाते तेव्हा त्यांतील किती थर अशा उजेड दिसणाऱ्या जाळ्या आहेत, ते जरूर पाहावे.

कवडसा

दोघांचेही मनापासून आभार. भागाकार करून पाहिल्यावर माझ्या यादीतील पाच यंत्रांपैकी तीन लगेच बाद झाली. एकाच्या माहितीपत्रकात सीएडीआर दिलेलाच नव्हता.

आता दोन शंका उरतात. पहिली, यंत्रावर दिसणाऱ्या पीएम २.५ च्या, म्हणजे हवेतील २.५ मायक्रॉन किंवा त्याहून लहान कणांच्या, आकड्यावर कितपत भरवसा ठेवावा? शेजाऱ्यांच्या यंत्रावर नेहमी १० च्या आतच आकडा असतो. दुसरी, रात्री सर्व खिडक्या घट्ट बंद ठेवायच्या का? आईला बंद खोलीत गुदमरल्यासारखे वाटते.

निरभ्र

आकड्याविषयी स्वतःच्या घरातला अनुभव सांगतो. माझ्या वडिलांना रात्री नेब्युलायझर घ्यावा लागतो. यंत्र आणल्यावर पहिल्याच रात्री नेब्युलायझर सुरू होताच पीएम २.५ चा आकडा १५ वरून ३०० च्या पुढे गेला, दिवा लाल झाला आणि पंखा घोंघावू लागला. आम्ही घाबरून खिडक्या तपासल्या. प्रत्यक्षात ते औषधाचे सूक्ष्म थेंब होते. यंत्रातील सेन्सर हवेच्या झोतावर प्रकाश टाकून विखुरणाऱ्या प्रकाशावरून कणांचा अंदाज बांधतो; कण धुराचा आहे, पाण्याचा आहे की औषधाचा, हे त्याला कळत नाही. त्यामुळे हवेत आर्द्रता फार असली तरीही आकडा फुगू शकतो. शिवाय सेन्सर यंत्रातच, म्हणजे स्वच्छ हवा बाहेर पडते त्याच्या जवळच असतो. खोलीच्या दुसऱ्या टोकाला, पलंगाजवळ, परिस्थिती वेगळी असू शकते. म्हणून आकडा चढतो की उतरतो, एवढेच पाहावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पीएम २.५ साठी दर घनमीटरला २४ तासांची सरासरी १५ मायक्रोग्रॅम आणि वार्षिक सरासरी ५ मायक्रोग्रॅम अशी मार्गदर्शक पातळी ठरवली. शेजाऱ्यांच्या आकड्याची तुलना तिच्याशी करायची असेल, तर आधी त्यांचा सेन्सर कुठे ठेवलेला आहे ते पाहावे.

‘ऑटो’ अवस्थेवर मी विसंबत नाही. हवा स्वच्छ आहे असे सेन्सरला वाटले की तो पंखा मंदावतो, आणि पलंगाकडची हवा तशीच राहते. रात्री मधला वेग स्वतःच ठरवून द्यावा. यंत्र भिंतीला चिकटवून किंवा पडद्यामागे ठेवू नये. हवा आत घेण्याच्या बाजूला निदान हातभर जागा मोकळी असावी.

आता खिडक्यांविषयी. आईंना होणारा त्रास मनाचा खेळ समजू नये. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड साधारण ४२० पीपीएम असतो. घट्ट बंद केलेल्या लहान खोलीत दोन माणसे रात्रभर झोपली तर तो १००० च्या वर सहज जातो. एअर प्युरिफायर त्यातील एक कणही कमी करत नाही. कार्बन मोनॉक्साइडही तो काढू शकत नाही, त्यामुळे बंद खोलीत काही जाळून उब घेणे हे यंत्र असूनही तितकेच धोक्याचे आहे. आम्ही झोपण्यापूर्वी, रस्त्यावरची वर्दळ ओसरल्यावर, वीस मिनिटे खिडकी उघडतो, मग ती बंद करून यंत्र अर्धा तास पूर्ण वेगात चालवतो आणि वडील आडवे झाले की वेग कमी करतो. रस्त्याच्या विरुद्ध बाजूला खिडकी असेल, तर ती बोटभर उघडी ठेवून पाहा. यंत्र पुरेसे मोठे असेल तर तेवढी हवा ते सांभाळून घेते.

सांजवेळ

फिल्टरविषयी दोन शब्द जोडते, कारण कवडसा यांचा मूळ घाव तोच आहे.

यंत्र घेण्याआधी त्याचा बदली फिल्टर स्वतंत्रपणे शोधावा आणि तो आज विक्रीला आहे ना, त्याची किंमत यंत्राच्या मानाने किती आहे, तोच फिल्टर त्या उत्पादकाच्या एकाहून अधिक मॉडेलना बसतो का, हे पाहावे. अनेक मॉडेलना चालणारा फिल्टर बंद होण्याची शक्यता कमी असते. वर्षभर चोवीस तास यंत्र चालवणार असाल तर फिल्टर सहा महिन्यांपासून वर्षभरापर्यंत कधीही बदलावा लागेल, असे धरून खर्चाचा हिशेब करावा. बाहेरची जाळी दर पंधरवड्याला ब्रशने किंवा व्हॅक्यूम क्लीनरने साफ करावी. हेपा फिल्टर मात्र धुता येतो असे स्पष्ट लिहिलेले नसेल तर पाण्याखाली धरू नये; तंतूंची रचना बिघडते आणि वरून तो स्वच्छ दिसत असूनही कामाचा राहत नाही.

आणि एक कळकळीची विनंती. यंत्र आणल्यावर मागचे झाकण उघडून फिल्टर बाहेर काढा. बऱ्याच यंत्रांत तो पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून आतच बसवलेला असतो. आमच्याकडे बसवायला आलेल्या माणसाने पिशवी काढली असेल असे आम्ही समजलो आणि चार महिने यंत्र त्या पिशवीसकट चालू होते. आवाज येत होता, दिवा हिरवा होता आणि माझ्या मुलीची शिंक काही थांबत नव्हती. जाळी साफ करताना पिशवीची चुरचुर हाताला लागली, तेव्हा कळले.

मुलीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात आली. धुळीतील माइट या अगदी बारीक जिवांचे कण जड असल्याने लवकर खाली बसतात आणि गादी-उशीतच राहतात. तिथवर यंत्र पोहोचत नाही. गादीला घट्ट विणीचे आवरण घालणे आणि चादरी दर आठवड्याला गरम पाण्यात धुणे, याचा आम्हाला यंत्राइतकाच उपयोग झाला.

कवडसा

काल टेप घेऊन खोली पुन्हा मोजली. उंची ३ मीटर नसून २.८ मीटर भरली, म्हणजे ३३.६ घनमीटर, आणि तासाला पाच वेळांच्या हिशेबाने गरज १६८. सीएडीआर ३८० असलेले, आयोनायझर नसलेले यंत्र घेतले आहे. त्याचा फिल्टर त्याच उत्पादकाच्या आणखी दोन मॉडेलना चालतो, आणि एक बदली फिल्टर आताच आणून ठेवला आहे.

झाकण उघडले तेव्हा फिल्टर खरोखरच प्लास्टिकच्या पिशवीत होता. सांजवेळ, तुमचे आभार कसे मानावेत कळत नाही. पिशवी काढली, फिल्टरच्या पुठ्ठ्याच्या चौकटीवर पेनाने आजची तारीख लिहिली आणि यंत्र पलंगाच्या पायथ्याशी, भिंतीपासून हातभर पुढे ठेवले. आईने मधला वेग ऐकून पाहिला आणि एवढ्या आवाजात झोप लागेल असे म्हणाली. मागच्या अंगणाकडची लहान खिडकी बोटभर उघडी ठेवली आहे. पुढचे पंधरा दिवस तिला पहाटे किती वेळा उठावे लागते याची रोज नोंद ठेवून ती डॉक्टरांना दाखवणार आहे. इनहेलरच्या मात्रेत मात्र त्यांनी सांगेपर्यंत काहीही बदलणार नाही.