मेटाडेटा लुकअपचा कॅशे: सरसकट ५ मिनिटं, की ताज्या डेटाला हातच लावू नये?

समांतर_रेषा
थॅनोससारख्या, सर्व्हरची मोजमापं साठवणाऱ्या विखुरलेल्या मेट्रिक्स यंत्रणेत बराचसा वेळ खातो तो एकच प्रश्न, म्हणजेच मेटाडेटा लुकअप: या लेबलला (मोजमापावरच्या ओळखचिठ्ठीला) कुठल्या सिरीज (एकाच गोष्टीच्या वेळेनुसार नोंदी) जुळतात? २० पॅनलचा डॅशबोर्ड, ३० सेकंदांचा रिफ्रेश, १० जणांनी उघडून ठेवलेला. झाल्या मिनिटाला ४०० क्वेरी, आणि प्रत्येकीसाठी सगळ्या स्टोअरचे (डेटा ठेवणाऱ्या सर्व्हरचे) उंबरे झिजवायचे. उत्तर बहुधा तेच. माझं मत: सगळ्या क्वेरियरना (क्वेरी चालवणाऱ्या भागांना) सामाईक मेमकॅश्ड (मेमरीतला कॅशे सर्व्हर) द्या, टीटीएल, म्हणजे नोंदीचं आयुष्य, सरसकट ५ मिनिटं. ग्राफाइट-वेब या दुसऱ्या मेट्रिक्स साधनाचा फाइंड (नावं शोधण्याचा) कॅशेसुद्धा मुळात ३०० सेकंदांचाच आहे.

उलटतपासणी
साफ विरोध. पॉड (कुबरनेटिसमधली अ‍ॅपची चालती प्रत) बदलला की लेबल बदलतं, नवी सिरीज तयार होते. डिप्लॉय फसल्यावर बघायचे असतात ते नेमके नवे पॉड, आणि ड्रॉपडाउनमध्ये ५ मिनिटं जुन्यांचीच यादी! थॅनोसला डेटा पुरवणाऱ्या प्रोमिथियसच्या २ तासांच्या ब्लॉकचा (डेटाच्या गठ्ठ्याचा) इंडेक्स एकदा लिहिला की बदलत नाही. त्याची उत्तरं खुशाल २४ तास ठेवा. कॅशेच्या की-मध्ये (नोंद शोधायच्या खुणेत) ब्लॉकचा यूएलआयडी (एकमेव ओळख क्रमांक) घातला की कॉम्पॅक्शननंतरच्या, म्हणजे जुने ब्लॉक एकत्र करून बनलेल्या, नव्या ब्लॉकला जुनी नोंद लागूच होत नाही. हेड ब्लॉकला, म्हणजे अजून भरत असलेल्या ताज्या डेटाला, मात्र कॅशे नको.

समांतर_रेषा
बहुतेक पॅनल शेवटच्या तासाचे असतात. हेड वगळला तर कॅशे घेऊन करायचं काय? फार तर तिथे ३० सेकंद ठेवा.

गाळणी
टीटीएलवर भांडताय, पण की-मध्ये वेळ कशी घालताय? 'आत्तापासून मागे १ तास' सेकंदासकट घातला तर की दर वेळी नवी, हिट रेट (कॅशेतून उत्तर मिळण्याचं प्रमाण) जवळपास शून्य. लुकअपपुरती सुरुवात मागे आणि शेवट पुढे ५ मिनिटांच्या पटीत सरकवा. चार सिरीज जास्त आल्या तर बिघडत नाही, कमी आल्या तर बिघडतं. टेनंट (यंत्रणा वापरणारा वेगळा ग्राहक किंवा संघ) आयडीही की-मध्ये हवा, नाहीतर एकाची लेबलं दुसऱ्याला दिसतील. ही चूक माफ होत नाही.

उलटतपासणी
आणि अर्धवट उत्तरांचं काय? थॅनोसच्या क्वेरियरमध्ये पार्शल रिस्पॉन्स (अर्धवट उत्तरही देण्याची सोय) मुळातच चालू असतो. एक स्टोअर टाइमआउट झालं तरी स्टेटस २०० (यशस्वी), सोबत फक्त वॉर्निंग. ते उत्तर कॅशेत गेलं की स्टोअर सावरल्यावरही टीटीएल संपेपर्यंत निम्मे सर्व्हर गायब. वॉर्निंग असलेलं उत्तर साठवायचंच नाही. 'काही सापडलं नाही' हेही फार तर १०-१५ सेकंद.

गाळणी
मेमकॅश्डची एका नोंदीची मर्यादा मुळात १ एमबी. लांबलचक लेबल यादी त्यात मावत नाही, सेट (साठवण्याची आज्ञा) फसतो, आणि क्लायंटने एरर गिळली तर सगळ्यात महागडी लुकअपच दर वेळी स्टोअरवर जाते. आधी कॉम्प्रेस करा, नाहीतर तुकडे करा. शिवाय टीटीएलमध्ये १०-२० टक्के जिटर (यादृच्छिक फरक) आणि एका की-साठी एकच विनंती बाहेर जाईल अशी सोय. नाहीतर नोंद संपताक्षणी सगळे पॅनल एकदम तुटून पडतात.

समांतर_रेषा
ठीक, सरसकट ५ मिनिटं मागे घेतो. हेडला ३० सेकंद, बाकी ब्लॉकप्रमाणे.

उलटतपासणी
३० सेकंदही अलर्ट रूलच्या (बिघाडाची सूचना देणाऱ्या नियमांच्या) क्वेरींना नको. त्यांचा मार्ग कॅशे वगळूनच ठेवा.