खोळंबा नेमका कुठे होतो ते आधी बघा

दादा, चष्म्याच्या दुकानातली गर्दी आवरायला दुसरा ऑटोरिफ्रॅक्टर (डोळ्याचा नंबर आपोआप मोजणारं मशीन) घ्यावा का, असं विचारलंय तुम्ही. माझं मत, नका घेऊ. सांगलीत माझ्याकडे खोळंबा मशीनपाशी नव्हताच. लोक तपासणीच्या खुर्चीत बसूनच फ्रेम निवडायचे. फ्रेमचं काउंटर बाहेर हलवलं, तासगावहून एसटीने येणाऱ्यांना वेळ ठरवून दिली, निम्मा ताण गेला.

त्या पैशांत चांगला रेटिनोस्कोप (डोळ्यात प्रकाश टाकून हाताने नंबर काढायचं उपकरण) घ्या. मशीनमध्ये बघताना लहान मुलं डोळा ताणतात आणि मायनस नंबर फुगतो. परवा एका मुलीच्या चिठ्ठीवर −2.50 छापून आला. डॉक्टरांकडे डोळ्याचा ताण सैल करणारे थेंब घालून तपासल्यावर −1.25 निघाला. चिठ्ठीवरूनच चष्मा दिला असता तर? नुसत्या विचाराने पोटात गोळा येतो.

आणि खोली 3 मीटरचीच असेल तर आरसा लावा, अक्षरांचा तक्ता वाचायला 6 मीटरचं अंतर मिळतं.