अनुभव धागा : शार्लटची ६०० मैलांची शर्यत – काय बिघडतं, का बिघडतं, कसं सावरतात

मे महिन्यातल्या शेवटच्या सोमवारच्या आदल्या रविवारी अमेरिकेत शार्लटला (नॉर्थ कॅरोलायना) कोका-कोला ६०० होते, नॅसकार या मोटारशर्यतींच्या मालिकेतली शर्यत. तिकडे संध्याकाळी सहा, आपल्याकडे सोमवारची पहाट, साडेतीन. दीड मैलाचा ट्रॅक, ४०० फेऱ्या, ९६५ किलोमीटर, आणि सगळी वळणं डावीकडे. "नुसते गोल गोल तर फिरतात" म्हणणाऱ्यांनी पुढचा धागा उघडावा. बाकीच्यांनी लिहा. अट एकच : "मी आणि माझी पहिली रेस" नको. आकडा, कारण आणि उपाय एवढंच हवं.

डांबरट

ट्रॅकपासून सुरू करतो, बाकी सगळं त्यावरच अवलंबून आहे. शर्यत सुरू होते तेव्हा चांगलं ऊन असतं. सूर्य मावळतो साडेआठच्या सुमारास. तापलेल्या डांबरावर रबराला पकड कमी मिळते. गाडी लूज होते, म्हणजे वळणात तिचं मागचं अंग बाहेर फेकलं जातं. अंधार पडला की डांबर निवतं, पकड वाढते आणि तीच गाडी टाइट होते : स्टिअरिंग फिरवलं तरी पुढची चाकं ऐकत नाहीत, गाडी भिंतीकडे सरकत राहते. सात वाजता पहिल्या पाचांत असलेली गाडी दहा वाजता विसावी का, याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच सापडतं.

म्हणून जाणता क्रू चीफ (गाडीत काय बदलायचं ते ठरवणारा टीमचा प्रमुख) पहिल्या १०० फेऱ्यांत ड्रायव्हर "लूज आहे, लूज आहे" म्हणून ओरडत असला तरी हात आखडता घेतो. उन्हातच गाडी पूर्ण बसवली, तर रात्री दुरुस्तीला जागा उरत नाही. या नियमाला अपवाद २०१६ चा. मार्टिन ट्रुएक्स ज्युनियर ४०० पैकी ३९२ फेऱ्या पुढे होता. दिवस काय, रात्र काय, त्या गाडीला फरकच पडला नाही. असं दर वर्षी होत नाही.

पाना_द्या

डांबरट यांनी रोग सांगितला, आता औषध. पिटमध्ये (टायर-इंधनासाठी थांबायची ट्रॅकशेजारची जागा) ऐन थांब्यात दोनच गोष्टी झटपट बदलता येतात : वेज आणि हवा.

वेज म्हणजे पुढचं उजवं आणि मागचं डावं या तिरक्या जोडीवर पडणारं वजन. मागच्या काचेच्या भोकातून लांब दांड्याचा पाना घालून मागच्या स्प्रिंगवरचा स्क्रू फिरवतात. वेज वाढवलं की गाडी टाइट, कमी केलं की मोकळी. माप असतं अर्धा फेरा, एक फेरा. एकदम दोन फेरे दिले तर समजावं, अंधारात तीर मारताहेत.

हवेचं गणित अजून नाजूक. मागच्या उजव्या टायरात अर्धा-एक पौंड वाढवलं तरी गाडीचं मागचं अंग सैल होतं. टायर तापला की आतला दाब वाढतो, म्हणून भरताना मुद्दाम कमी भरतात. आत दमट हवा गेली तर तो दाब किती वाढेल याचा नेम राहत नाही. म्हणून कोरडी हवा किंवा नायट्रोजन. उगाच फॅशन नाही ती.

नवख्यांची नेहमीची चूक : हवा आणि वेज एकाच थांब्यात बदलायचं. मग गाडी सुधारली (किंवा बिघडली) ती कशामुळे, हे कुणालाच कळत नाही. एका वेळी एकच.

जॅक_खाली

पिटस्टॉप नीट बघायचा असेल तर माणसं मोजा. भिंत ओलांडून येतात पाच : दोन टायर बदलणारे, एक टायर आणणारा, एक जॅकवाला, एक इंधनवाला. आधी उजवी बाजू, मग डावी. जॅकवाला एका दाबात गाडी उचलतो. २०२२ पासून चाकाला मधोमध एकच मोठा नट आहे. त्याआधी पाच असायचे, नट फिरवणाऱ्या गनचा आवाजही वेगळा यायचा, ट्र्र-ट्र्र-ट्र्र असा. आता एकच झटका. चारही टायर दहा सेकंदांच्या आसपास होतात आणि टाकी तळाला गेली असेल तर टायर होऊनही गाडी इंधनासाठीच थांबून राहते.

डाव्या बाजूचा जॅक खाली आला की निघायचं, ही ड्रायव्हरची खूण. घोळ इथेच होतो. नट पुरता बसला नसताना जॅक सोडला तर चाक डुगडुगतं. ट्रॅकवर निसटलं तर क्रूमधल्या माणसांवर बंदी येते.

दुसरा घोळ वेगाचा. पिटमध्ये वेगमर्यादा असते आणि ती कॅमेऱ्याने बघत नाहीत; पिट रोडचे तुकडे पाडलेले असतात आणि प्रत्येक तुकडा किती सेकंदांत पार केला ते मोजतात. त्यामुळे ज्या तुकड्यात आपला पिटबॉक्स (थांबायची ठरलेली चौकट) आहे तिथे थांबल्याची वेळ धरून थोडं पळता येतं. सगळे पळतात.

टाकी_रिकामी

इंधनाचा हिशेब बोटांच्या पेरांवर होतो. टाकी २० गॅलनची, म्हणजे ७५ लिटरच्या आसपास. एका गॅलनला साडेचार मैल धरा : ९० मैल, ६० फेऱ्या. फेरी साधारण तीस सेकंदांची. म्हणजे भरलेली टाकी अर्ध्या तासात संपते.

शर्यत १००-१०० फेऱ्यांच्या चार टप्प्यांत, आणि टप्पा संपला की पिवळा झेंडा (सगळ्यांनी रांगेत सावकाश चालायचं; हिरवा म्हणजे पुन्हा शर्यत). शेवटचा टप्पा ३०० ते ४००. ज्याने ३४० च्या पुढे टाकी भरली तो आरामात घरी पोचतो. ३३० ला भरली तर दहा फेऱ्यांचं तेल वाचवायचं : वळणाच्या आधीच ऍक्सिलरेटरवरून पाय काढायचा, गाडी वाहू द्यायची, पुढच्याच्या मागे वाऱ्याच्या आडोशाला राहायचं.

आणि तरी दगा होतो. २०११ ला डेल अर्नहार्ट ज्युनियर शेवटच्या फेरीत पुढे होता. शेवटच्या वळणाशी टाकी कोरडी झाली आणि केविन हार्विक जिंकला. ओव्हरटाइम (शेवटी शेवटी पिवळा पडला की वाढणाऱ्या फेऱ्या) धरायलाही विसरू नका. २०२२ ला ४०० च्या ४१३ फेऱ्या झाल्या, ६१९.५ मैल, नॅसकारच्या इतिहासातली सगळ्यात लांब शर्यत (डेनी हॅमलिन). नेमक्या ४०० चं तेल ठेवणारा तिथे रस्त्यातच बसला असता.

डांबरट

@टाकी_रिकामी, एक पुरवणी. हिरव्या झेंड्यात पिटला गेलात की जवळपास एक फेरी मागे पडता. तुम्ही नुकतेच जाऊन आलात आणि त्याच वेळी पिवळा पडला, तर न गेलेले पिवळ्यात निवांत टायर बदलतात आणि तुम्ही एका फेरीने अडकता. म्हणून ३४० ला जाता येत असलं तरी शेजारी कोण कोण जातंय ते बघूनच जायचं.

उजवे_पुढचे_चाक

टायरबद्दल कुणी लिहिलं नाही अजून. सगळी वळणं डावी, वळणांचा उतार २४ अंश. म्हणजे भार उजव्या चाकांवर. आताच्या १८ इंची चाकांवर टायरची भिंत बुटकी आहे आणि आतला जादाचा टायर काढून टाकलाय. जुन्या १५ इंची चाकात पंक्चर झालं तर आतल्या टायरवर गाडी पिटपर्यंत लंगडत यायची. आता हवा गेली की गाडीचं पोट जमिनीला टेकतं, चाकं नुसती फिरतात आणि ओढायला गाडी बोलवावी लागते. त्यात टीम वेगासाठी हवा ठरल्यापेक्षा कमी ठेवतात. मग भिंत दुमडून दुमडून फाटते.

भिंतीला मागचं उजवं चाक घासलं तर मागची टो लिंक (चाकाची दिशा धरून ठेवणारी दांडी) वाकते. बाहेरून गाडी धडधाकट, पण सरळ चालत नाही. ती लिंक बदलणं सोपं, पण घड्याळ थांबत नसतं.

पृष्ठभागही दगा देतो. १९६० ला पहिली शर्यत नव्याकोऱ्या डांबरावर झाली, ते उखडायला लागलं, आणि उडणाऱ्या तुकड्यांपासून वाचायला गाड्यांना पुढून जाळ्या लावल्या होत्या. २००५ ला ट्रॅक घासून सपाट केला तर टायर फुटायला लागले, एका शर्यतीत २२ वेळा पिवळा झेंडा. पुढच्याच वर्षी नवीन डांबर घातलं.

घामाघूम

ड्रायव्हरच्या शरीराचं कुणी बघणार का? गाडीच्या आत ५० अंशांच्या वर तापमान आणि साडेचार-पाच तास. हेल्मेटमध्ये हवेची नळी येते, अंगात थंड पाणी फिरणारा शर्ट असतो. शर्टचा पंप बंद पडला तर आतलं पाणी तापतं आणि शर्ट नसता तर बरं झालं असतं, अशी गत होते. पाणी आणि क्षार दोन दिवस आधीपासून भरायचे असतात. शर्यतीत घोट घोट घेऊन ती तूट भरून निघत नाही. तहान लागली तेव्हा उशीर झालेला असतो. शेवटच्या १०० फेऱ्यांतल्या चुका, पिटमध्ये जास्त वेग, पिटबॉक्समध्ये चुकीच्या जागी थांबणं, या पुष्कळदा डोक्याच्या थकव्याच्या असतात.

याच्या आदल्या दुपारी नव्हे, त्याच दुपारी इंडी ५०० (इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत) पळणारेही आहेत. दोन्ही मिळून पूर्ण ११०० मैल फक्त टोनी स्टुअर्टने केलेत, २००१ ला.

कॉंकर्डकर

शार्लट परिसरातल्या मराठी मंडळींसाठी. ट्रॅक शहरात नाही, कॉंकर्डला आहे. खालच्या ओळींची तिकिटं स्वस्त, पण तिथून फक्त रंगाची रेघ दिसते आणि अंगावर टायरचा भुसा येतो. वरच्या ओळी घ्या. कानात बोळे हवेतच. लहान मुलांना वरून कान झाकणारे मफदेखील. स्कॅनर (टीमचा रेडिओ ऐकायचं यंत्र) भाड्याने मिळतो, तो घेऊन क्रू चीफ आणि ड्रायव्हर यांचं बोलणं ऐकलं तर वर पाना_द्या यांनी लिहिलेलं सगळं कानाने कळतं. दिवसा टोपी, रात्री पातळ जॅकेट. परतताना पार्किंगमधून निघायला वेळ लागतो, डब्यात थोडं राखून ठेवा.

निशाचर_पुणे

भारतातून बघणाऱ्यांसाठी : गजर लावण्याआधी कॉंकर्डचा पाऊस बघा. इथल्या वेगाला ओल्या ट्रॅकवर गाड्या सोडत नाहीत, आणि ट्रॅक सुकवायला वेळ जातो. अर्धी शर्यत झाली असेल तर निकाल जाहीर करता येतो. २०२४ ला २४९ फेऱ्यांवर थांबवली आणि क्रिस्टोफर बेल जिंकला. २०२३ ला रविवारी झालीच नाही, सोमवारी गेली. त्या दिवशी रजा टाकलेल्यांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा रजा मागितली असणार.